तैलरंगाची मुदत : चित्रशाळा, कॅनव्हास आणि करारनामा

अहिल्यानगर जिल्ह्यात तैलरंगाने काम करणाऱ्या, किंवा कलाशिक्षण पुरे करून त्या मार्गाला लागू पाहणाऱ्या वाचकांचे प्रश्न वरवर निरनिराळे दिसले, तरी त्यांच्या मुळाशी बहुधा एकच अडचण आढळते. कोणी विचारतात की, सहा महिने लोटले तरी रंग बोटाला का चिकटतो. कोणाच्या चित्राला पहिल्याच उन्हाळ्यात भेगा पडलेल्या असतात. कोणी एखाद्या संस्थेच्या संस्थापकांचे व्यक्तिचित्र मोठ्या उमेदीने रंगवून दिलेले असते, आणि तेच चित्र पुढे दिनदर्शिकेवर छापलेले पाहून आपला हक्क कोठे गेला, असा त्यांना प्रश्न पडलेला असतो. या तिन्ही तक्रारी घाईच्या आहेत. पहिल्या दोन ठिकाणी तेलाची किंवा थरांची घाई झालेली असते, तिसऱ्या ठिकाणी कागद न करता काम हाती घेण्याची. तैलरंग आपली मुदत स्वतः ठरवतो. चित्रकाराच्या हाती एवढेच असते की, ती मुदत आधी ओळखावी, आणि ग्राहकाला दिलेला शब्द, घेतलेला इसार व लावलेले वार्निश या सर्वांची सांगड तिच्याशी घालावी. पुढील मजकूर त्याच क्रमाने, म्हणजे जागेपासून पावतीपर्यंत, मांडला आहे.

जागा आणि उजेड

चित्रशाळेला उत्तरेची खिडकी असावी, हा नियम आपण ऐकलेला असेल. तो युरोपातून आला असून आपल्या अक्षांशावर त्याला एक मोठा अपवाद आहे. नगर शहर सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर वसलेले असल्याने मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या उत्तरेकडे असतो, आणि मार्चच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊनही उत्तरेच्या खिडकीतून आत येऊ शकते. म्हणून:

- उत्तरेची खिडकी शक्य तितकी उंच घ्यावी आणि तिच्यावर सज्जा किंवा पांढरा, पातळ, रंगहीन पडदा असावा. रंगीत पडदा किंवा शेजारच्या रंगीत भिंतीवरून परावर्तित होणारा उजेड यांमुळे त्वचेचे रंग हमखास चुकतात.
- वीज जाण्याची शक्यता आणि हिवाळ्यातील लवकर मावळणारा दिवस ध्यानात घेऊन दिवे लावावयाचे असल्यास रंगदर्शकता ९० च्या वर आणि रंगतापमान सुमारे ५००० केल्व्हिन असलेले दिवे निवडावेत. पिवळ्या दिव्याखाली मिसळलेला रंग दिवसा निळसर दिसतो.
- पॅलेट आणि कॅनव्हास या दोहोंवर एकच उजेड पडेल अशी घोड्याची (ईझलची) मांडणी करावी.
- मार्च ते मे या काळात धुळीचा उपद्रव अधिक असतो. ओले चित्र भिंतीकडे तोंड करून, किंचित झुकते ठेवावे. मात्र ते बंद कपाटात किंवा अंधाऱ्या माळ्यावर ठेवू नये, कारण जवसाचे तेल अंधारात पिवळे पडते. अंधारात आलेला हा पिवळेपणा पुढे उजेड मिळाल्यास बराचसा ओसरतो.

जिल्ह्याचे हवामान सर्वत्र सारखे नाही, हेही विसरू नये. अकोले तालुक्याच्या पश्चिमेस, घाटघर-भंडारदऱ्याच्या अंगाला, पावसाळ्याचे चार महिने भिंती पाझरतात. कर्जत, जामखेड, श्रीगोंदे हे तालुके पर्जन्यछायेत आहेत. भंडारदऱ्याकडे रंगविलेला कॅनव्हास कर्जतच्या कोरड्या हवेत गेला की त्याचा ताण बदलतो. ज्या गावी चित्र टांगले जाणार, त्या गावाची हवा डोळ्यांसमोर ठेवूनच कॅनव्हासची निवड करावी.

तेल आणि टर्पेंटाइन: कोणते घ्यावे, कोणते टाळावे

तैलरंग पाण्याच्या रंगासारखा सुकत नाही. त्यातील तेल हवेतील प्राणवायू शोषून घट्ट होते. ही क्रिया सर्व तेलांत होत नाही, म्हणून तेलाची निवड हा आवडीनिवडीचा प्रश्न राहत नाही.

- जवसाचे तेल. कलासाहित्याच्या दुकानातील शुद्ध केलेले जवसाचे (अळशीचे) तेल घ्यावे. चटणीसाठी घाण्यावर काढलेल्या तेलात चिकट गाळ राहतो. तर लाकूडकामाच्या रंगाच्या दुकानातील उकळलेल्या तेलात धातूची शुष्ककारक द्रव्ये मिसळलेली असतात, आणि ते लवकर सुकले तरी चित्र काळवंडते व ठिसूळ होते.
- करडईचे तेल. आपल्या भागात करडई रब्बीला पिकत असल्याने हा प्रश्न वारंवार येतो. करडईचे तेल सुकते, जवसापेक्षा कमी पिवळे पडते, परंतु फार सावकाश सुकते व त्याचा थर दुबळा असतो. पांढरा व निळा रंग घोटण्यास ते वापरतात, तेही शुद्ध केलेले, स्वयंपाकाचे नव्हे. खालच्या थरांत ते मुळीच वापरू नये.
- शेंगदाण्याचे किंवा सरकीचे तेल कोणत्याही परिस्थितीत नको. शेंगदाण्याचे तेल कधी घट्ट होतच नाही. सहा महिन्यांनंतर चिकटणाऱ्या अनेक चित्रांचे निदान येथेच होते.
- टर्पेंटाइन. रंग पातळ करण्यासाठी ऊर्ध्वपातित, कलावंतांसाठीचे टर्पेंटाइन किंवा गंधहीन खनिज स्पिरिट घ्यावे. बाजारातील स्वस्त टर्पेंटाइन फार तर ब्रश धुण्यास वापरावे. रॉकेल रंगात घालू नये. ते पूर्णपणे उडून जात नाही व मागे तेलकट अंश ठेवते.

रंगांची नळी घेताना नावापेक्षा तिच्या पाठीवरील बारीक मजकूर वाचण्याची सवय लावून घ्यावी. विद्यार्थी-दर्जाच्या रंगात रंगद्रव्य कमी आणि पूरक द्रव्य अधिक असते. अभ्यासासाठी ते पुरते, मोबदला घेऊन केलेल्या कामासाठी पुरत नाही. पिगमेंट रेड ८३ असा निर्देश असलेला ॲलिझरिन क्रिम्झन पातळ थरात उजेडाने उडतो, म्हणून ओठांच्या व गालांच्या छटेसाठी त्यावर विसंबू नये. त्याच छटेचा स्थायी पर्याय घ्यावा. झिंक व्हाइट मोहक असला तरी कालांतराने त्याचा थर ठिसूळ होऊन सुटतो. मुख्य पांढरा म्हणून टायटॅनियम व्हाइट वापरावा.

कॅनव्हास, चौकट आणि अस्तर

अस्तर न लावता कापडावर थेट तैलरंग लावल्यास तेलातील आम्ल कापडाचे धागे जाळते. जुन्या पद्धतीत कापडाला आधी सरस लावीत. सरस दमट हवेत ओलावा शोषून सैलावतो आणि उन्हाळ्यात आवळतो; वर्षातून दोनदा हा खेळ चालला की त्यावरच्या कडक रंगाला भेगा जातात. आपल्या हवेत म्हणून पुढील व्यवस्था अधिक निर्धोक ठरते:

- घट्ट विणीचा सुती किंवा लिननचा कॅनव्हास घेऊन त्यावर ॲक्रिलिक जेसोचे दोन ते तीन हात द्यावेत. प्रत्येक हात पूर्ण सुकू द्यावा व मध्ये हलका घासावा. शेवटच्या हातानंतर निदान दोन-तीन दिवस थांबून मगच तेलाला आरंभ करावा.
- ॲक्रिलिकवर तैलरंग चालतो. सुकलेल्या तैलरंगावर ॲक्रिलिक चालत नाही, ते सुटून येते. भिंतीचा डिस्टेंपर किंवा घरगुती एनॅमल रंग अस्तर म्हणून वापरू नये.
- चौकट मुरलेल्या लाकडाची असावी. ओल्या किंवा हलक्या लाकडाची चौकट पीळ खाते व कॅनव्हासाला कोपऱ्यातून सुरकुत्या पडतात. कोपऱ्यांना पाचरी असणारा स्ट्रेचर घेतल्यास पुढे ताण वाढविता येतो.
- मोठ्या चित्रासाठी, म्हणजे सुमारे तीन फुटांच्या पुढे, मधला आडवा आधार अवश्य घालावा.

थरांचा क्रम आणि वाळण्याची मुदत

तैलरंगाचा मूळ नियम एका वाक्यात सांगता येतो: वरचा थर खालच्या थरापेक्षा अधिक तेलकट असावा. खालचा थर टर्पेंटाइनने पातळ केलेला, मधला थर नळीतील रंगाचा, आणि शेवटचा, विशेषतः ग्लेझचा, थोडे तेल मिसळलेला. हा क्रम उलटला की वरचा थर आधी घट्ट होतो, खालचा नंतर आकसतो आणि वरच्याला फाडतो.

सर्व रंग एकाच वेगाने वाळत नाहीत. अंबर व सिएना यांसारखे मातीचे रंग एक-दोन दिवसांत हाताला कोरडे लागतात. टायटॅनियम व्हाइट, कॅडमियमचे पिवळे-तांबडे, आयव्हरी ब्लॅक व ॲलिझरिन यांना आठवडा किंवा त्याहूनही अधिक लागतो. म्हणून पार्श्वभूमीसाठी आयव्हरी ब्लॅकचा जाड लेप देऊन लगेच त्यावर चेहऱ्याची कडा घालणे म्हणजे स्वतःहून भेगांना निमंत्रण देणे होय. खालच्या थराला अंबरची जोड द्यावी. काळेपणा नंतर वाढविता येतो. बोट लावून पाहावयाचे असल्यास ते चेहऱ्यावर न लावता चौकटीजवळच्या कडेला लावावे.

घाईचे काम टाळताच येत नसेल, तर पुढील तीन मार्गांपैकी एक निवडावा:

1. आरंभीचे रेखाटन व छायाप्रकाश ॲक्रिलिकमध्ये पातळपणे करून वरचे थर तेलात करावे.
2. अल्किड माध्यम वापरावे. त्याने थर साधारण दिवसभरात कोरडा होतो. मात्र ते पहिल्या थरापासून शेवटपर्यंत चालू ठेवावे, मध्येच बदलू नये.
3. मुदत अशक्य असेल, तर काम नाकारावे. नाकारलेल्या कामाचा बोभाटा होत नाही. तडकलेले चित्र मात्र संस्थेच्या सभागृहात पुढची अनेक वर्षे आपल्या सहीसह टांगलेले असते.

वार्निश केव्हा लावावे

पातळ थरांच्या चित्राला सहा महिने, जाड थरांच्या चित्राला वर्ष, ही पारंपरिक मुदत होय. कृत्रिम राळेची काही आधुनिक वार्निशे याहून लवकर लावता येतात, परंतु त्यांच्याही बाटलीवरील सूचना पाळाव्यात. अनावरणाच्या दिवशी चित्र निस्तेज दिसू नये म्हणून रिटच वार्निशाचा पातळ हात द्यावा. अंतिम वार्निशासाठी वर्षाने परत येण्याचे कलम करारात घालावे. जुलै-ऑगस्टच्या दमट दिवसांत वार्निश लावल्यास त्यावर दुधी सावट येऊ शकते. त्यापेक्षा नोव्हेंबर ते फेब्रुवारीतील कोरडी सकाळ उत्तम.

आग, वाफ आणि विष

अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या तैलरंगातील नकलांच्या दोन मोठ्या संचांचा इतिहास प्रत्येक चित्रकाराने ध्यानात ठेवावा असा आहे. रॉबर्ट गिलने केलेल्या नकलांपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या; पुढे जॉन ग्रिफिथ्सने जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांच्या साहाय्याने १८७२ ते १८८५ या काळात केलेल्या नकलांपैकी पुष्कळ साउथ केन्सिंग्टन येथील १८८५ च्या आगीत नष्ट झाल्या. लेण्यांतील मूळ चित्रे मागे राहिली आणि त्यांच्या रक्षणार्थ केलेल्या नकला जळाल्या. आपल्या चित्रशाळेत निदान इतके करावे:

- जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून ठेवू नये. तेल घट्ट होताना उष्णता निघते, आणि नगरच्या एप्रिल-मे महिन्यांत असा बोळा ठिणगीवाचूनही पेट घेऊ शकतो. चिंध्या पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकाव्यात.
- टर्पेंटाइन उघड्या वाटीत ठेवू नये. झाकणाचे भांडे वापरावे व दोन समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात. मुलांच्या किंवा गर्भवती स्त्रीच्या निजण्याच्या खोलीत तैलरंगाचे काम करू नये.
- शिसे व कॅडमियम असलेला सुकलेला रंग कोरडा घासू नये. काम करीत असता खाणे, तंबाखू मळणे, ब्रशचे टोक ओठांत धरणे या सवयी सोडाव्यात.
- उरलेले टर्पेंटाइन मोरीत किंवा विहिरीजवळ ओतू नये. बरणीत ठेवल्यास रंग तळाशी बसतो व वरचे स्वच्छ टर्पेंटाइन ब्रश धुण्यास पुन्हा वापरता येते.
- प्रत्येक चित्राचे, पुढून व मागून, चांगल्या उजेडात छायाचित्र घेऊन त्याची एक प्रत चित्रशाळेबाहेर ठेवावी.

व्यक्तिचित्राचे काम हाती घेण्यापूर्वी

आपल्या जिल्ह्यात तैलचित्रकाराचे पोट पुष्कळ अंशी व्यक्तिचित्रावर चालते. लोणीजवळ प्रवरानगरला सहकारी साखर कारखान्याची जी परंपरा १९५० च्या सुमारास सुरू झाली, तिच्या मागोमाग गावोगाव कारखाने, पतसंस्था, शिक्षणसंस्था आणि त्यांची सभागृहे उभी राहिली. आणि सभागृह म्हटले की संस्थापकांचे तैलचित्र आलेच. शिर्डीच्या द्वारकामाईतील श्यामराव जयकरांच्या तैलचित्राने साईबाबांची प्रतिमा असंख्य भक्तांच्या डोळ्यांत ठसविली. व्यक्तिचित्राला पूजेचे स्थान मिळण्याची ही परंपराही आपल्याकडे जिवंत आहे. अशा कामांत मान मिळतो, तसा तगादाही मिळतो, म्हणून आरंभापूर्वीच पुढील गोष्टी लेखी करून घ्याव्यात.

- आदेश कोणाचा? संस्थेचे काम असल्यास अध्यक्षांच्या तोंडी शब्दावर आरंभ करू नये. दरपत्रक द्यावे, कार्यकारी मंडळाचा ठराव झाल्याची खात्री करावी व लेखी कार्यादेश हाती आल्यावरच कॅनव्हास ताणावा. पदाधिकारी बदलले की तोंडी शब्द बदलतो.
- मुदत. अहिल्यादेवींची जयंती ३१ मे रोजी असते. चौंडीच्या आसपास त्या दिवशीच्या अनावरणासाठी चित्र हवे असेल, तर आदेश जानेवारीत मिळाला पाहिजे. उलटा हिशेब करून, रेखाटनास मान्यता, रंगकाम, वाळणे, चौकट आणि वाहतूक असे टप्पे तारखांसह लिहावेत.
- रक्कम. एक तृतीयांश इसार, एक तृतीयांश साम्य मान्य झाल्यावर, उरलेली चित्र ताब्यात देताना, हा शिरस्ता उभयपक्षी सोयीचा आहे. प्रत्येक रकमेची पावती द्यावी.
- साम्य कोण ठरवणार? कुटुंबातील पाच जणांना चेहरा पाच प्रकारचा आठवतो. मान्यता देणारी एकच व्यक्ती करारात नावाने नमूद करावी, आणि ती मान्यता रंग घालण्यापूर्वी, कोळशाच्या रेखाटनाच्या वेळी घ्यावी.
- बदल. किती बदल विनामूल्य, आणि त्यापुढे किती आकार, हे लिहावे. पगडीऐवजी फेटा, धोतराऐवजी सुरवार असे बदल किरकोळ नसतात.
- रद्द झाल्यास. काम रद्द झाले तर इसार परत करावयाचा की नाही, आणि अर्धे झालेले चित्र कोणाचे, हे स्पष्ट असावे.

छायाचित्रावरून आणि जुन्या चित्रांवरून काम

दिवंगत व्यक्तीचे चित्र छायाचित्रावरूनच करावे लागते. एकाच छायाचित्रावर विसंबू नये. निरनिराळ्या वयांची व कोनांची तीन-चार मिळवावीत, म्हणजे नाकाची व हनुवटीची ठेवण समजते आणि फ्लॅशने सपाट झालेला चेहरा पुन्हा गोलाई धरतो. कायद्याच्या दृष्टीने, कुटुंबाने पैसे देऊन काढविलेल्या छायाचित्राचा कॉपीराइट, उलट करार नसल्यास, कुटुंबाकडेच असतो. परंतु वृत्तपत्रातील किंवा महाजालावरील छायाचित्राला ते लागू नाही. तेथे छायाचित्रकाराची अथवा हक्कधारकाची लेखी परवानगी घ्यावी.

जुन्या चित्रांच्या नकलांविषयी पुष्कळ गैरसमज आहेत. भारतीय कायद्याप्रमाणे चित्राचा कॉपीराइट चित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे चालतो. त्याप्रमाणे:

- राजा रविवर्मा (मृत्यू १९०६) व महादेव विश्वनाथ धुरंधर (मृत्यू १९४४) यांची चित्रे आता मुक्त आहेत.
- रघुवीर मुळगावकर (मृत्यू १९७६) यांच्या चित्रांचे संरक्षण २०३६ अखेरपर्यंत, आणि एस. एम. पंडित (मृत्यू १९९३) यांच्या चित्रांचे २०५३ अखेरपर्यंत आहे. घरोघरच्या दिनदर्शिकेवर आढळणारी देवादिकांची चित्रे सर्वांच्या मालकीची झाली, असे समजून त्यांची विक्रीयोग्य नक्कल करू नये.

मुक्त असलेल्या चित्राची नक्कल करतानाही सहीच्या जागी आपले नाव आणि कोणाच्या चित्रावरून, हे मागील बाजूस लिहावे. मूळ चित्रकाराची सही उमटविणे ही फसवणूक होय.

आपले हक्क: काय राहते आणि काय जाते

कॉपीराइट कायदा, १९५७ मधील चार तरतुदी तैलचित्रकाराने पाठ करून ठेवाव्यात.

1. कलम १७. आपण स्वतःच्या इच्छेने काढलेल्या चित्राचे पहिले स्वामी आपणच. परंतु दुसऱ्याच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन काढलेल्या चित्राचा किंवा व्यक्तिचित्राचा कॉपीराइट, उलट करार नसल्यास, सांगणाऱ्याकडे जातो. दिनदर्शिकेविषयीच्या तक्रारीचे उत्तर येथे आहे: छपाईचा हक्क आपल्याकडे ठेवावयाचा असेल, तर तसे करारात आधीच लिहिले पाहिजे. एवढे एक वाक्य पुरते की, चित्राची मालकी ग्राहकाकडे जाईल, परंतु त्याच्या प्रती काढण्याचा व छापण्याचा हक्क चित्रकाराकडे राहील.
2. कलम १९. कॉपीराइट दुसऱ्यास द्यावयाचा असल्यास तो लेखी व सहीनिशी द्यावा लागतो. मुदत लिहिली नसल्यास ती पाच वर्षे, आणि प्रदेश लिहिला नसल्यास तो भारतापुरता मानला जातो. नुसते चित्र विकल्याने कॉपीराइट विकला जात नाही.
3. कलम ५७. कॉपीराइट गेला तरी कर्तृत्वाचा हक्क जात नाही. आपले नाव काढून टाकणे, किंवा आपल्या लौकिकास बाध येईल अशा रीतीने चित्राची मोडतोड वा विकृती करणे, याविरुद्ध दाद मागता येते. विज्ञान भवनातील भिंतीवरील आपले शिल्प काढून टाकल्याबद्दल अमरनाथ सहगल यांनी लावलेल्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये शिल्पाचे अवशेष परत देण्याचा व ५ लाख रुपये भरपाईचा निर्णय दिला, तो याच कलमाच्या आधारे. मात्र चित्र नुसते टांगले नाही, किंवा मनाजोगत्या जागी टांगले नाही, एवढ्याने या हक्काचा भंग होत नाही.
4. कलम ५३ अ. मूळ चित्राची पुढे १०,००० रुपयांहून अधिक किमतीस पुनर्विक्री झाल्यास, कलम १७ प्रमाणे पहिला हक्क ज्याचा होता अशा चित्रकाराला किंवा त्याच्या वारसाला त्या किमतीत वाटा मागता येतो. तो कमाल १० टक्के आहे. हा हक्क बजावणे सोपे नाही, परंतु विक्रीच्या पावत्यांचे दप्तर नीट असल्यावाचून तो मागणेच अशक्य आहे.

कॉपीराइटसाठी नोंदणी सक्तीची नाही. चित्र पुरे होताच हक्क उत्पन्न होतो. तरीही एखाद्या महत्त्वाच्या चित्राची नोंदणी दिल्लीच्या कॉपीराइट कार्यालयाकडे केल्यास वादाच्या वेळी ती पुरावा म्हणून उपयोगी पडते.

किंमत, बिल आणि कर

चौरस इंचाचा दर सांगण्याची प्रथा सोयीची असली, तरी लहान चित्रात दोन चेहरे आणि मोठ्या चित्रात नुसते आकाश असू शकते, याचा तिच्यात विचार होत नाही. त्याऐवजी साहित्य, चौकट, वाहतूक, कामाचे दिवस, चित्रशाळेचे भाडे आणि वर्षाने करावयाच्या वार्निशाची फेरी अशी बेरीज मांडून तिच्यावर आपला मोबदला ठरवावा. एकाच आकाराच्या व प्रकारच्या चित्राला दोघा ग्राहकांस दोन भाव सांगू नयेत. लहान शहरात ती गोष्ट आठवड्यात पसरते.

संस्थेने देयकातून आयकर कापला असेल, तर कपातीचा दाखला मागून घ्यावा, नाहीतर ती रक्कम आपल्या खात्यावर धरली जात नाही. वस्तू व सेवा कराची नोंदणी मालाच्या विक्रीसाठी वर्षाला ४० लाख आणि सेवांसाठी २० लाखांच्या उलाढालीपुढे सक्तीची होते. पण परराज्यातील ग्राहकाला चित्र विकताना निराळे नियम लागू होऊ शकतात, म्हणून अशा पहिल्या विक्रीपूर्वी करसल्लागाराचे मत घ्यावे.

पाठवणी आणि ग्राहकाला द्यावयाची सूचना

चित्र गुंडाळून पाठविणे टाळावे. अगदीच भाग पडल्यास रुंद नळकांड्यावर, रंगाची बाजू बाहेर ठेवून गुंडाळावे, कारण आत ठेवल्यास रंगाचा थर दबून चुरतो. चौकटीसह पाठविताना कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे संरक्षण द्यावे, रंगाला प्लास्टिक चिकटू देऊ नये, आणि उन्हाळ्यात बंद टेंपोत ते तासन्‌तास ठेवू नये.

ताब्यात देताना ग्राहकाला एक छापील सूचनापत्र द्यावे. त्यात निदान पुढील गोष्टी असाव्यात:

- चित्र पावसाळ्यात पाझरणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर टांगू नये. टांगल्यास मागे बुचाचे तुकडे लावून हवा खेळती ठेवावी, नाहीतर कॅनव्हासच्या पाठीला बुरशी धरते.
- हार घालावयाचा असल्यास तो चौकटीच्या वर निराळ्या खिळ्याला अडकवावा. कॅनव्हासला टेकू देऊ नये. गंध-कुंकू चित्राला लावू नये. समई व उदबत्ती चित्रापासून दूर ठेवावी, कारण काजळी वार्निशात बसते.
- धूळ मऊ, कोरड्या ब्रशने वरच्यावर काढावी. बटाटा, पाव, साबण किंवा ओला फडका यांपैकी काहीही लावू नये. फाटले, उचकटले किंवा बुरशी आली, तर घरगुती उपाय न करता चित्रकाराला वा चित्रसंवर्धकाला कळवावे.

प्रदर्शनाची वाट

प्रदर्शनाची घाईही आपल्याकडे फार होते. पुढील क्रमाने एकेक पायरी चढावी:

- कला संचालनालयाचे महाराष्ट्र राज्य कला प्रदर्शन. त्यात विद्यार्थी आणि व्यावसायिक कलावंत यांचे विभाग निराळे असतात.
- मुंबईच्या बॉम्बे आर्ट सोसायटीची (स्थापना १८८८) व आर्ट सोसायटी ऑफ इंडियाची (स्थापना १९१८) वार्षिक प्रदर्शने.
- १९५२ मध्ये सुरू झालेल्या जहांगीर कलादालनात स्वतंत्र प्रदर्शन करावयाचे असल्यास तारखेची प्रतीक्षा लांब असते, हे गृहीत धरून आधी अर्ज करावा, आणि मिळालेला अवधी चित्रे पुरती वाळविण्यास वापरावा.

प्रवेशपत्रिकेतील चित्राचा आकार, चौकट, विमा, दलाली आणि न विकलेले चित्र परत नेण्याची मुदत ही कलमे वाचल्यावाचून सही करू नये. विकण्यासाठी नसलेल्या चित्रावर तसे स्पष्ट लिहावे.

बाहेर निसर्गचित्रण करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. अहमदनगरचा किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्याने, आणि कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे अभयारण्य असल्याने, तेथे घोडा मांडण्यापूर्वी संबंधित कार्यालयाची परवानगी विचारून घ्यावी. तैलरंगाचे साहित्य ज्वालाग्राही आहे, हेही आपणहून सांगावे.

आरंभ कोठून करावा

हे सारे एकाच वेळी अंगी आणणे शक्य नाही, आणि तशी गरजही नाही. नवोदितांनी या वर्षी तीन गोष्टी कराव्यात: पुढील चित्राचे अस्तर स्वतः घालून त्याच्या मागे तारीख, रंगांची नावे व माध्यम लिहून ठेवावे, एक वही घालून प्रत्येक चित्राची, त्याच्या ग्राहकाची व रकमेची नोंद ठेवावी, आणि वर सांगितलेल्या कलमांचा एकपानी करारनामा मराठीत तयार करून स्थानिक वकिलाकडून एकदा तपासून घ्यावा. ज्यांची कामे आधीच चालू आहेत, त्यांनी हाती असलेल्या आदेशांपैकी कोणत्या चित्राचे वार्निश बाकी आहे आणि कोणत्याचा करार लेखी नाही, याची यादी करावी. ज्याचे वार्निश बाकी आहे त्याच्यासाठी येत्या हिवाळ्यातील तारीख ठरवावी; ज्याचा करार नाही त्याच्यासाठी उद्याच पत्र लिहावे, कारण तेलाला मुदत द्यावी लागते, कागदाला ती देण्याचे कारण नाही.